ट्रॅक्टर, ट्रॉली व पिकअपसाठी नवे टायर निवडताना

ट्रॅक्टर आता केवळ नांगरणी-पेरणीचे यंत्र राहिलेला नाही. ऊस कारखान्याला नेणे, कांदा व सोयाबीन बाजार समितीत पोहोचविणे, खत, वीट, वाळू आणणे अशी वाहतुकीची कामे त्याच्याकडून वर्षभर करून घेतली जातात. साहजिकच टायर झिजतात आणि बदलावे लागतात. एक टायर बदलायचा म्हटले तरी मोठा खर्च येतो. त्यामुळे दुकानात गेल्यावर आपला पहिला प्रश्न असतो, "कितीला बसेल?" दुसरा प्रश्न, "रिमवर बसेल ना?" टायर रिमवर बसला आणि भाव परवडला की निवड झाली, असे समजले जाते. परंतु टायर रिमवर बसणे वेगळे आणि तो आपल्या भाराला व वेगाला योग्य असणे वेगळे. चुकीचा टायर शेतात सहसा कळत नाही. तो कळतो भरलेल्या ट्रॉलीसह उतारावर, वळणावर किंवा अचानक ब्रेक लावण्याची वेळ आल्यावर. म्हणून खरेदीपूर्वी टायरवरील अक्षरे व आकडे वाचता येणे आवश्यक आहे. ते कसे वाचावेत व त्यावरून निवड कशी करावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

वेगाचा टायरवर काय परिणाम होतो?

टायर जमिनीवर टेकतो तेथे भारामुळे थोडा दबतो आणि पुढे सरकल्यावर पुन्हा पूर्ववत होतो. प्रत्येक फेऱ्यात टायरचा प्रत्येक भाग एकदा दबतो व एकदा सुटतो. या सततच्या वाकण्यामुळे टायरच्या आत उष्णता निर्माण होते. मागील १३.६-२८ आकाराच्या टायरचा घेर सुमारे ४ मीटर असतो. ताशी ५ कि.मी. वेगाने नांगरणी करताना हा टायर मिनिटाला सुमारे २१ फेरे घेतो. रस्त्यावर ताशी ३० कि.मी. वेगाने जाताना तोच टायर मिनिटाला सुमारे १२५ फेरे घेतो, म्हणजे जवळजवळ सहापट. पुढील ६.००-१६ आकाराचा टायर लहान असल्यामुळे त्याच वेगाला मिनिटाला २१५ च्या आसपास फेरे घेतो.

फेरे जितके जास्त तितकी उष्णता जास्त आणि थंड होण्यास वेळ कमी. त्यात भार जादा किंवा हवा कमी असेल तर टायर अधिक दबतो व अधिकच तापतो. तापलेल्या टायरमधील रबर व दोऱ्यांचे थर यांची पकड सैल होते, थर सुटू लागतात आणि शेवटी टायर फुटतो. याच कारणामुळे टायर तयार करतानाच तो किती भार, किती वेगाला पेलू शकेल हे ठरविलेले असते. ती मर्यादा टायरच्या बाजूवर छापलेली असते.

टायरवरील मजकूर कसा वाचावा?

१) आकार : १३.६-२८ या आकारात १३.६ म्हणजे टायरची इंचातील रुंदी व २८ म्हणजे रिमचा इंचातील व्यास. दोन आकड्यांच्या मध्ये आडवी रेघ असल्यास टायर साध्या (बायस) बांधणीचा आणि 'आर' अक्षर असल्यास रेडियल बांधणीचा समजावा.

२) प्लाय रेटिंग : '८ पीआर', '१२ पीआर' असे लिहिलेले असते. हा आकडा टायरची ताकद दाखवितो. आत तेवढेच थर असतात असे नाही. जास्त पीआरचा टायर जास्त भार पेलतो, पण त्यासाठी त्यात हवेचा दाबही जास्त ठेवावा लागतो. टायर १२ पीआरचा घेतला आणि हवा ८ पीआरइतकीच ठेवली तर वाढीव ताकदीचा उपयोग होत नाही.

३) भारांक व वेगाचे अक्षर : हे दोन्ही शेजारी-शेजारी असतात. भारांक हा एक आकडा असून त्यावरून एका टायरने पेलायचा कमाल भार कळतो. त्यापुढील अक्षर तो भार कोणत्या कमाल वेगापर्यंत चालेल ते सांगते.

तक्ता १ : वेगाचे अक्षर व कमाल वेग (ताशी कि.मी.)
ए२ – १०
ए४ – २०
ए६ – ३०
ए८ – ४०
बी – ५०
सी – ६०
डी – ६५
एफ – ८०
जे – १००
एल – १२०
एन – १४०
क्यू – १६०
आर – १७०
एस – १८०
टी – १९०
एच – २१०

यापैकी ए व बी गटातील अक्षरे ट्रॅक्टर व शेती अवजारांच्या टायरवर, तर त्यापुढील बरीचशी अक्षरे ट्रक, पिकअप व मोटारींच्या टायरवर आढळतात.

तक्ता २ : काही भारांक व एका टायरवरील कमाल भार (कि.ग्रॅ.)
८८ – ५६०
१०० – ८००
१०२ – ८५०
११० – १०६०
१२० – १४००
१२४ – १६००
१२७ – १७५०
१३० – १९००
१३२ – २०००
१४० – २५००

समजा, टायरवर '१२७ ए८ / १२४ बी' असे लिहिले आहे. याचा अर्थ, हा टायर ताशी ४० कि.मी. वेगापर्यंत १७५० कि.ग्रॅ. भार पेलतो, पण ताशी ५० कि.मी. वेगाला त्यावर १६०० कि.ग्रॅ. पेक्षा जास्त भार चालणार नाही. टायर तोच, पण वेग वाढला की पेलण्याची क्षमता कमी झाली. भार आणि वेग यांचा हा संबंध लक्षात ठेवावा. कोणताही भारांक त्याच्या शेजारच्या अक्षराशिवाय वाचू नये.

काही टायरवर भारांक नसतो. त्याऐवजी कमाल भार कि.ग्रॅ. मध्ये आणि त्यासाठी लागणारा हवेचा दाब लिहिलेला असतो. दोन्हीपैकी काहीच लिहिलेले नसेल तर विक्रेत्याकडे उत्पादकाचा भारतक्ता मागावा. तोही मिळत नसेल तर असा टायर वाहतुकीसाठी घेऊ नये.

४) उत्पादनाची तारीख : टायरच्या एका बाजूवर चार आकडी खूण असते. पहिले दोन आकडे आठवडा व नंतरचे दोन आकडे वर्ष दाखवितात. उदाहरणार्थ, ३५२३ म्हणजे सन २०२३ मधील ३५ वा आठवडा. रबर नुसते पडून राहिले तरी कालांतराने कडक होते व त्यास बारीक चिरा पडतात. म्हणून 'नवा' म्हणून दाखविलेला टायर प्रत्यक्षात किती जुना आहे ते या खुणेवरून पाहावे.

ट्रॅक्टरचे टायर निवडताना

ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत पुढील व मागील टायरचा आकार, पीआर आणि हवेचा दाब दिलेला असतो. शक्यतो त्याच आकाराचे टायर घ्यावेत. वेगाचे अक्षर ट्रॅक्टरच्या रस्त्यावरील कमाल वेगाइतके किंवा त्यापेक्षा वरचे असावे. ट्रॅक्टर ताशी ३० कि.मी. पेक्षा जास्त धावत असेल तर ए६ ऐवजी ए८ टायर घ्यावा. वरच्या अक्षराचा टायर बसविण्यास हरकत नाही, पण भारांकही मूळ टायरइतका किंवा जास्त असला पाहिजे. वेगाचे अक्षर मोठे म्हणून भाराची क्षमताही मोठी, असे समजू नये.

ट्रॅक्टर सरळ व स्थिर चालण्यासाठी पुढील बाबी पाळाव्यात.

अ) एकाच आसावर (अॅक्सलवर) दोन्ही बाजूंना एकाच आकाराचे, एकाच बांधणीचे व सारख्याच झिजेचे टायर असावेत. एका बाजूला रेडियल व दुसऱ्या बाजूला साधा टायर बसवू नये. दोन्हींचे दबणे वेगळे असल्यामुळे ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो. मागे एक नवा व एक गुळगुळीत टायर असल्यास ब्रेक लावताना दोन्ही चाकांची पकड सारखी राहत नाही आणि ट्रॅक्टर फिरण्याचा धोका असतो.

ब) पुढील टायर स्वस्तात मिळतो म्हणून पुनर्नक्षीचा (रिमोल्ड) किंवा पुन्हा खाचा कोरलेला टायर पुढे कधीही बसवू नये. पुढचा टायर फुटल्यास स्टिअरिंग हातात राहत नाही.

क) चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या (फोर व्हील ड्राइव्ह) ट्रॅक्टरमध्ये पुढील व मागील चाकांच्या घेरांचे ठराविक प्रमाण असते. पुढील चाके मागील चाकांपेक्षा साधारणपणे १ ते ५ टक्के जास्त अंतर काढतील अशी रचना केलेली असते. मागे वेगळ्या आकाराचा मोठा टायर बसविला किंवा मागे नवे व पुढे झिजलेले टायर राहिले तर हे प्रमाण बिघडते. पुढील चाके ओढण्याऐवजी अडवू लागतात, टायर लवकर झिजतात व गिअरवर ताण येतो. अशा ट्रॅक्टरचा टायर आकार बदलण्यापूर्वी विक्रेत्याकडून हे प्रमाण तपासून घ्यावे. माहितीपुस्तिकेत वेगळी सूचना नसल्यास डांबरी रस्त्यावर पुढील चाकांची शक्ती बंद ठेवावी.

ड) मागील टायर बसविताना बाजूवरील बाणाची दिशा पुढे जाण्याच्या दिशेशी जुळते का ते पाहावे. उलट बसविलेला टायर शेतात माती नीट सोडत नाही व घसरतो.

इ) भातखाचरासाठी असलेले खोल नक्षीचे टायर चिखलात उत्तम चालतात, पण डांबरी रस्त्यावर त्यांच्या उंच गुट्ट्या वाकतात, ट्रॅक्टर हादरतो व झीज फार होते. वर्षातील बहुतेक काम वाहतुकीचे असेल तर असे टायर घेऊ नयेत.

ट्रॉलीच्या टायरकडे दुर्लक्ष नको

सर्वांत जास्त चुका ट्रॉलीच्या टायरबाबत होतात. ट्रॅक्टरला नवे टायर आणि ट्रॉलीला मिळतील ते, अशी अनेक ठिकाणी पद्धत आहे. प्रत्यक्षात भाराचा मोठा हिस्सा ट्रॉलीच्याच टायरवर असतो.

निवडीचा हिशेब सोपा आहे. समजा, चारचाकी ट्रॉलीचे रिकामे वजन २ टन व माल ६ टन, म्हणजे एकूण ८ टन आहे. चार टायरवर ते सारखे वाटले तर प्रत्येकी २००० कि.ग्रॅ. येतात. म्हणजे किमान १३२ भारांकाचा टायर हवा आणि त्यापुढील अक्षर आपल्या वेगाइतके किंवा वरचे हवे. येथे १२७ भारांकाचे टायर बसविले तर चार टायर मिळून ७ टनच पेलतात आणि १ टन भार जादा होतो. शिवाय माल कधीच सारखा भरला जात नाही व वळणावर बाहेरच्या बाजूच्या चाकांवर भार वाढतो. म्हणून हिशेबापेक्षा थोडी जास्त क्षमता ठेवावी. आपल्या ट्रॉलीचे रिकामे व भरलेले वजन कारखान्याच्या किंवा बाजार समितीच्या वजनकाट्याच्या पावतीवर आयतेच मिळते. ती पावती जपून ठेवावी व टायर घेताना बरोबर न्यावी.

ट्रॉलीच्या टायरबाबत पुढील तीन चुका टाळाव्यात.

पहिली, बैलगाडीचे टायर ट्रॉलीला बसविणे. बैलगाडीसाठी तयार केलेल्या टायरवर 'एडीव्ही' ही अक्षरे असतात. बैलाची चाल ताशी ३ ते ४ कि.मी. असते व टायर त्याच बेताने तयार केलेला असतो. ट्रॅक्टरच्या वेगाला तो तापतो व फुटतो. किंमत कमी असली तरी असे टायर ट्रॉलीला वापरू नयेत.

दुसरी, ट्रकचे टाकाऊ टायर घेणे. ट्रकच्या टायरवर वेगाचे अक्षर वरचे असते, त्यामुळे ते ट्रॅक्टरच्या वेगाला सहज चालतील असे वाटते. परंतु ते अक्षर चांगल्या अवस्थेतील टायरसाठी असते. दोरे दिसणारा, बाजूवर फुगवटा आलेला किंवा चिरा पडलेला टायर कोणत्याही वेगाला सुरक्षित नाही. वापरलेला टायर घ्यावाच लागला तर आतून हात फिरवून पाहावा. थर सुटलेला, आतून ठिगळ लावलेला किंवा उत्पादनाची खूण खरवडलेला टायर परत करावा.

तिसरी, चार चाकांना चार प्रकारचे टायर बसविणे. उंचीत फरक असल्यास ट्रॉली एका बाजूला कलते, मालाचा भार त्या बाजूला सरकतो आणि वेग वाढताच ट्रॉली मागे डोलू लागते. ऊस किंवा कडबा यांसारख्या उंच भरलेल्या ट्रॉलीस हे फारच धोक्याचे आहे. ट्रॉलीचे डोलणे ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगने आवरत नाही. अशा वेळी वेग हळूहळू कमी करणे हाच उपाय असतो.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे जरूर आहे. वरच्या वेगाचे अक्षर म्हणजे वेगाने जाण्याचा परवाना नव्हे. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबण्यासाठी लागणारे अंतर सुमारे चौपट होते. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात व सर्व भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येतो. टायर ए८ चा असला तरी भरलेली ट्रॉली, उतार, ओला रस्ता व रात्रीची वेळ असताना वेग कमीच ठेवावा.

पिकअप वाहनाचे टायर

भाजीपाला, फुले, दूध यांच्या वाहतुकीसाठी अनेक शेतकरी पिकअप वापरतात. या वाहनांच्या टायरमध्ये एक फसवी बाब आहे. समजा, मूळ टायरवर '१८५ आर १४ सी १०२/१०० आर' असे लिहिले आहे. यातील पहिला 'आर' रेडियल बांधणीचा व शेवटचा 'आर' ताशी १७० कि.मी. या वेगमर्यादेचा आहे. 'सी' म्हणजे मालवाहू वाहनाचा टायर. १०२ हा भारांक एकेरी चाकासाठी (८५० कि.ग्रॅ.) व १०० हा जोडचाकासाठी (८०० कि.ग्रॅ.) आहे.

आता दुकानदार '१८५/७० आर १४ ८८ टी' हा मोटारीचा टायर दाखवितो. रुंदी तीच, रिम तीच, वेगाचे अक्षर तर 'टी', म्हणजे ताशी १९० कि.मी. वरवर पाहता हा टायर वरचढ वाटतो. परंतु त्याचा भारांक ८८ म्हणजे फक्त ५६० कि.ग्रॅ. आहे. मागील दोन चाकांवर मिळून ५८० कि.ग्रॅ. क्षमता कमी झाली. शिवाय त्याची बाजू मऊ व उंची कमी असल्यामुळे भरलेले वाहन वळणावर कलते व वेगदर्शक काटाही चुकीचा वेग दाखवितो. म्हणून आकार, भारांक व वेगाचे अक्षर या तिन्ही बाबी एकत्र जुळल्याशिवाय टायर घेऊ नये. यापैकी एक जुळली म्हणजे काम झाले असे नाही.

दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते जोडीने घ्यावेत व मागे बसवावेत. मागील चाकांची पकड आधी सुटली तर वाहनाची मागची बाजू घसरून वाहन फिरते व ते सावरणे कठीण जाते. अर्थात पुढील टायरही झिजमर्यादेच्या आत असले पाहिजेत. नक्षीच्या खाचेत असलेली उंचवट्याची खूण नक्षीच्या पातळीला आली म्हणजे नक्षी १.६ मि.मी. उरली आहे असे समजून टायर बदलावा.

बसविताना व नंतरची काळजी

१) ट्यूबच्या टायरमध्ये नवी व त्याच आकाराची ट्यूब घालावी. जुनी ट्यूब ताणलेली असते व आत घडी पडून फुटते. ट्रकच्या आकाराच्या टायरमध्ये फ्लॅपही नवा घालावा.

२) रिम वाकलेली, गंजलेली किंवा तडकलेली असल्यास आधी बदलावी. टायर चढवलेल्या रिमवर वेल्डिंग कधीही करू नये. आतील हवा तापून टायर स्फोटासारखा फुटतो.

३) ट्रॅक्टरचा टायर रिमवर बसविताना ३५ पौंडांपेक्षा जास्त हवा भरू नये. तेवढ्यात कडा बसली नाही तर हवा सोडून, कडेला साबणाचे पाणी लावून पुन्हा प्रयत्न करावा. लॉक रिंग असलेल्या रिममध्ये हवा भरताना समोर उभे राहू नये.

४) हवेचा दाब सकाळी, टायर थंड असताना, मापकाने तपासावा. लाथ मारून किंवा नजरेने अंदाज करू नये. शेतात आणि रस्त्यावर लागणारा दाब वेगळा असतो. शेतातील कमी हवेवर भरलेली ट्रॉली ओढत रस्त्यावर जाऊ नये. दोन्ही आकडे माहितीपुस्तिकेतून घेऊन मडगार्डवर रंगाने लिहून ठेवावेत.

५) तापलेल्या टायरमधील वाढलेली हवा सोडू नये. थंड झाल्यावर ती कमी भरते व दुसऱ्या दिवशी टायर अधिक तापतो.

६) पहिल्या दिवसाच्या कामानंतर चाकांचे नट पुन्हा आवळावेत. टायर एका बाजूने झिजत असल्यास पुढील चाकांचे टो-इन तपासून घ्यावे. नाहीतर नवा टायरही तसाच झिजेल.

दुकानात जाण्यापूर्वी

एका कागदावर पुढील गोष्टी लिहून न्याव्यात : जुन्या टायरचा पूर्ण मजकूर व माहितीपुस्तिकेतील आकार, भरलेल्या वाहनाचे किंवा ट्रॉलीचे वजन व त्यावरून एका टायरवर येणारा भार, रस्त्यावरील आपला कमाल वेग, आणि त्याच आसावरील दुसऱ्या टायरची अवस्था. दुकानात टायर हातात आल्यावर प्रथम आकार, मग भारांक, मग वेगाचे अक्षर, मग उत्पादनाची तारीख अशा क्रमाने वाचावे व शेवटी भाव विचारावा. पावतीवर टायरचा आकार व क्रमांक लिहून घ्यावा, म्हणजे पुढे तक्रार करता येते.

बियाणे घेताना आपण पिशवीवरील वाण, उगवणशक्ती व मुदत वाचतो. औषध घेताना बाटलीवरील प्रमाण वाचतो. टायरवरील दोन ओळी वाचण्यास त्याहून जास्त वेळ लागत नाही. हंगामाच्या धावपळीत टायर फुटल्यावर मिळेल तो टायर घेण्याची वेळ येते व चूक होते ती तेव्हाच. म्हणून गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वीच, सवड असताना, ट्रॅक्टर व ट्रॉलीचे सर्व टायर तपासून जे बदलायचे ते बदलून घ्यावेत. ट्रॅक्टरवर बसणारा आपल्या घरचा असो वा कामावर ठेवलेला चालक, तो रात्री सुखरूप घरी यावा यासाठी केलेला हा खर्च वाया जात नाही.